एका दुपारच्या दोन पाहण्या

आमच्या घरात फ्रिज आला तो एका दुपारपुरता. सकाळी आला आणि दिवस मावळायच्या आत गेला. त्यात पाणीसुद्धा गार झालं नाही, कारण आमच्या घरात तेव्हा एक दिवा आणि एक बटण होतं. फ्रिजची पिन कुठे खुपसायची हा प्रश्न, तो उचलून आणणाऱ्या चार बाप्यांपैकी एकालाही पडला नव्हता. पण सरकारच्या लेखी आमच्याकडे फ्रिज होता, आणि पुढे कित्येक वर्षं होताच. त्यापायी माझ्या मायला घरकुल मिळालं नाही. हे मी रागाने सांगत नाही. केजच्या कचेरीत इतक्यांदा जाऊन आले की रागाला एस.टी.चं तिकीट परवडेनासं झालं. आता नुसते पाय दुखतात.

आमचं गाव युसूफ वडगावच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत. घर दोन खोल्यांचं. भिंती मातीच्या, वर पत्रे, पत्र्यांवर वारा सुटला की उडू नयेत म्हणून दगड. माझे वडील, म्हणजे आबा, कागदावर शेतकरी होते, पण त्यांचा दिवस मेंढरांमागे जायचा. जमीन होती ती कोरडवाहू, पाऊस पडला तर शेत, नाही पडला तर मैदान. त्यातून त्यांनी मला अंबाजोगाईला ठेवून डी.एड. केलं. तेव्हा डी.एड. झालेल्या पोरी गावोगाव इतक्या झाल्या होत्या की शिकवायला शाळा नव्हत्या आणि शिकायला पोरं नव्हती. भरतीची जाहिरात येईल येईल म्हणता म्हणता माझं वय वाढायला लागलं आणि गल्लीतल्या बायका मायला विचारायला लागल्या, "पोरगी घरातच ठिवायची का काय?"

मग स्थळ आलं. मुलगा माजलगावकडचा. तिकडे धरणाचं पाणी, उसाचे फड, साखर कारखान्याच्या चिमण्या. आमच्याकडच्या माणसाला माजलगाव म्हटलं की तिथली कुत्रीसुद्धा तुपातली पोळी खात असतील असं वाटतं. मुलगा कारखान्यावर हंगामी कामाला, घरी थोडी जमीन, हुंड्याचा हट्ट नाही. आबांना एवढंच ऐकायचं होतं. "पोरगी पान्यात पडंल," ते म्हणाले. दुष्काळी भागात पोर पाण्यात पडणं हे भाग्याचं बोलणं आहे, बाहेरच्या माणसाने दचकू नये.

आमच्या गल्लीत एक रीत होती. कुणाच्याही मुलीला बघायला पाहुणे येणार असले की ती मुलगी अख्ख्या गल्लीची व्हायची. सोफा एका घरातून यायचा, कपबश्या दुसऱ्या घरातून, टेबलफॅन तिसऱ्या घरातून. सोफा गल्लीत एकच होता. त्याच्यावर बसून पाहुण्यांनी आमच्या गल्लीतल्या इतक्या पोरी पसंत केल्या होत्या की मध्यस्थाचा फेटा खरं तर त्या सोफ्याला बांधायला हवा होता. याला कुणी खोटं म्हणत नसे. पाहुण्यांनाही ठाऊक असायचं, कारण त्यांच्या गावीही हेच चालायचं. पाहुणा येणार म्हटल्यावर माणसाच्या मागे गल्ली उभी राहते का नाही, हे त्यातून कळायचं, असं मला आज वाटतं. तेव्हा मला फक्त लाज वाटत होती.

फ्रिजची कल्पना माझ्या आत्याची. आत्या आदल्या दिवशीच येऊन बसली होती आणि तिने आल्या आल्या घराचा ताबा घेतला होता. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती मायला म्हणाली. "उसाच्या गावचे पाव्हणे हायत. त्यान्ला काय माठातलं पानी देता व्हय?" कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे गल्लीतला एकमेव फ्रिज होता. त्याने बिचाऱ्याने ताक आणि थंड पाण्याच्या बाटल्या काढून ठेवल्या आणि फ्रिज दिला. त्याचं दार नीट लागत नव्हतं म्हणून आत्याने फटीत फडक्याची घडी कोंबली. वडगावच्या बाजारातून बर्फाची लादी आणून फोडली आणि ती पातेल्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली, म्हणजे पाहुण्यांना पाणी देताना दार उघडून द्यायचं. चुलतभावाची मोटारसायकल दारात तिरकी लावली, जणू रोज तिथेच उभी असते.

 माय या सगळ्यात पोहे निवडत होती. फक्त फ्रिज आत येताना तिने मला हळूच विचारलं, "ह्यो परत जाताना दाराची चौकट तर न्हाई ना पडायची?" आमची चौकट तेव्हाच हलत होती.

त्याच आठवड्यात गावात गरिबीची पाहणी चालू होती. घरोघर जाऊन माणसं विचारत होती, भिंत कशाची, छत कशाचं, घरात काय काय आहे. दवंडी झाली होती की आमच्या गल्लीत उद्या येणार. माय आदल्या रात्रीपासून आधार, रेशनकार्ड, सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तयार होती. घरकुल या एका पाहणीवर ठरणार हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मायला पक्कं घर हवं होतं. तिने आयुष्यात कशाचाच हट्ट धरला नाही, पण पावसाळ्यात मागची भिंत ओली झाली की ती रात्रभर भिंतीला हात लावून बघत राहायची. पाहणी उद्या आणि पाहुणे आज, हे गणित आमच्या घरात बरोबर बसलं होतं. आज श्रीमंत व्हायचं, उद्या पुन्हा आपल्या जागी यायचं.

पाहुणे आले. मुलगा, मुलाचे वडील, मामा आणि भावकीतले दोघे. मामा बोलके होते. ते सोफ्यावर मधोमध बसले, फ्रिजकडे बघितलं, मोटारसायकलकडे बघितलं आणि मिशीवरून हात फिरवला. आत्याने फ्रिज उघडून पाण्याचा तांब्या काढला तेव्हा मला वाटलं आता फडकं खाली पडणार. पडलं नाही.

आणि तेवढ्यात दारात गुरुजी उभे. मला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं होतं. हातात सरकारी टॅब, काखेत छत्री, कपाळाला घाम. उद्या त्यांना आणखी कुठल्यातरी कामाला जुंपलं होतं म्हणून त्यांनी आमची गल्ली आजच उरकायचं ठरवलं होतं. गुरुजी लोकांना शिकवायचं सोडून सगळं काम असतं, हे तेव्हा कळत नव्हतं, आता माझ्या अंगावर पडलंय म्हणून कळतं.

गुरुजींनी सोफा पाहिला, पाहुणे पाहिले आणि त्यांना सगळं समजलं. "मी मागाहून येतो," ते म्हणाले आणि वळले.

"बसा की गुरुजी," मामा म्हणाले. "सरकारी काम हाय. आमाला काय घाई न्हाई."

मामांना घाई का असेल? मुलीकडच्यांची परिस्थिती विचारताना सभ्य माणसाची जीभ अडखळते. जमीन किती, पाणी आहे का, जनावरं स्वतःची का, हे आडून आडून काढावं लागतं. इथे तर सरकार स्वतः चालत आलं होतं आणि त्यांच्या वतीने सगळं एकेक करून विचारणार होतं. आबांनी गुरुजींना खुर्ची दिली. दुसरं काय करणार? माणूस दारात आल्यावर त्याला जा म्हणत नाहीत.

मी आतल्या खोलीत चहाचा ट्रे धरून उभी होते. माय दोन खोल्यांमधल्या दारात, पदर दाताखाली धरून. मला तिची पाठ दिसत होती आणि तिच्या खांद्यावरून आबा.

भिंतीचं विचारलं तेव्हा लपवण्यासारखं काही नव्हतं. मातीची. छत पत्र्याचं. मामांनी मान हलवली. मग गुरुजी थांबले. त्यांनी फ्रिजकडे पाहिलं. तो फ्रिज कुणाचा हे त्यांना माहीत होतं, उन्हाळ्यात त्यातलं ताक ते रोज पीत असत.

"फ्रिज आहे का घरात?" गुरुजींनी विचारलं. "नीट सांगा."

 आबांच्या समोर दोन माणसं बसली होती आणि दोघांचा प्रश्न एकच होता. एकाला उत्तर हो हवं होतं, म्हणजे पोरगी उजवणार. दुसऱ्याला नाही हवं होतं, म्हणजे घर मिळणार. दोन्ही कानांना दोन उत्तरं देता आली असती तर माझ्या आबांनी दिली असती. पण खोली एकच होती.

"ते न्हवं का समोर," आबा म्हणाले. "लिव्हा."

"दुचाकी?"

"दारात हाय."

"विहीर?"

भावकीची सामाईक विहीर होती. तिला उन्हाळ्यात पाणी नसायचं आणि पावसाळ्यात त्याची गरज नसायची. "हाय," आबा म्हणाले.

"शेळ्या-मेंढ्या? सगळ्या तुमच्याच?"

आमच्या दावणीला होत्या त्यातल्या निम्म्याहून जास्त वडगावच्या एका व्यापाऱ्याच्या. तो जनावरं घेऊन द्यायचा, आबा राखायचे, होणारी करडं निम्मी निम्मी. आमच्याकडे बहुतेक मेंढपाळ असेच जगतात. दुसऱ्याची शेळी, आपलं ऊन.

"आमच्याच की," आबा म्हणाले. मामांनी मुलाच्या वडिलांकडे बघितलं.

गुरुजींचं बोट प्रत्येक उत्तराला टॅबवर पडत होतं. मला ट्रे जड झाला. मायने मागे वळून बघितलं आणि डोळ्यांनीच म्हणाली, जा. मी चहा घेऊन बाहेर गेले. मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी कपाकडे पाहिलं, आणि माझं लग्न ठरलं.

पाहुण्यांची जीप गल्लीच्या तोंडाशी गेली तसे आबा चप्पल न घालता गुरुजींच्या मागे धावले. गुरुजी तिसऱ्या घराच्या ओट्यावर बसले होते. मीही मागे गेले, कारण आबांना असं धावताना मी आधी बघितलं नव्हतं.

"गुरुजी, ते खोडा," आबा म्हणाले. "तुमाला ठावं हाय कुनाचं काय ते."

"खोडायला ही काय पाटी हाय का?" गुरुजी म्हणाले. तेही दमलेले होते. "बटन दाबलं की गेलं ते. म्या इचारलं तव्हा नुसती मान हालवली असती तरी बास व्हतं."

"पाव्हणे बघत व्हते, गुरुजी."

 मग गुरुजींनी नीट समजावून सांगितलं. यादी लागेल, ग्रामसभेत वाचतील, तिथे उभं राहून सांगायचं की आमचं चुकीचं नोंदलंय, मग दुरुस्ती होते. एवढं सोपं. आबांनी हात जोडले.

ग्रामसभा झाली ती माझ्या लग्नाच्या तोंडावर. स्थळ आणणारा मध्यस्थ आमच्याच गावचा, पहिल्या रांगेत बसलेला. यादी वाचली, त्यात आमचं नाव नव्हतं. आमच्यापेक्षा बरी परिस्थिती असलेल्या दोघांची होती. आबा मागे खांबाला टेकून बसले होते, ते उठले नाहीत. उठले असते तर त्यांना सगळ्या गावासमोर आणि मध्यस्थासमोर म्हणावं लागलं असतं की फ्रिज आमचा नव्हता, गाडी आमची नव्हती, शेळ्यासुद्धा आमच्या नाहीत. ते दोन दिवसांत माजलगावला पोचलं असतं.

घरी आल्यावर मायने एकदाच विचारलं, "कावून उठला न्हाईत?"

"पोरीचं लगीन होऊ दे. मग बघू," आबा म्हणाले.

सासरी गेले आणि पहिल्या आठ दिवसांत मला कळलं की आमची माणसं घर बघायला गेली तेव्हा दारात उभा असलेला ट्रॅक्टर नवऱ्याच्या मित्राचा होता. घरोघरी मातीच्या चुली. मी मग नवऱ्याला फ्रिजची गोष्ट सांगितली. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. फरक एवढाच की त्यांच्या गावात पाहणी करणारे वेगळ्या दिवशी आले होते, ट्रॅक्टर परत गेल्यावर. म्हणून माझ्या सासऱ्यांचं नाव घरकुलाच्या यादीत लागलं होतं. उसाच्या गावच्या पाहुण्यांना सरकारने गरीब धरलं होतं आणि मेंढरं राखणाऱ्या माझ्या बापाला सधन. यात कुणी लाच घेतली नव्हती, कुणी दांडगाई केली नव्हती. वार चुकला, बस.

मी माहेरी गेल्यावर आबांना म्हटलं, "आता सांगा की सगळ्यान्ला. जावई नुसता हसला."

"जावई हसला, त्यो भला मानूस हाय," आबा म्हणाले. "त्याची भावकी हसंल तव्हा तिथं तुला बसायचंय. लेकरू होऊ दे. मग बघू."

लेकरू झालं. मग त्याचं जावळ, मग दिराचं लग्न, मग दुसरं काहीतरी. गरीब आहोत हे सांगायला आबांना मुहूर्तच सापडेना. मला त्यांचा फार राग यायचा. माझ्या अब्रूची काळजी करता करता ते स्वतःचं छप्पर गमावत होते आणि मी तिकडे सिमेंटच्या सरकारी घरात झोपत होते. पाऊस लागला की मला झोप यायची नाही.

मधल्या काळात मी अंगणवाडी सेविका झाले. आता गावातल्या लेकरांची वजनं मी घेते. वजन कमी भरलं की लेकराला जास्तीचा आहार मिळतो. तो खाऊन लेकरू जरा सुधारलं, तक्त्यावरच्या रेघेच्या वर गेलं, की आहार बंद. मग ते पुन्हा घसरतं, पुन्हा चालू. एक मुलगा माझ्याकडे वर्षभर असा त्या रेघेवर खाली-वर करत होता. त्याच्या आईने मला एकदा विचारलं, "बाई, ह्याला उपाशी ठिवू का वजनाच्या दिवशी?" तिला काय सांगावं हे मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. मी नाही म्हटलं आणि वजन केलं. जे भरलं ते भरलं.

गरिबी मोजायची म्हणजे काय मोजायचं, हे मला अजून नीट समजलेलं नाही. पोट मोजता येत नाही, म्हणून वस्तू मोजतात. वस्तू दिसते, पण ती कुणाची, चालू का बंद, ती आली कुठून, हे त्या चौकोनात लिहायला जागा नसते. आणि एकदा लिहिलं की प्रत्येक योजनेसाठी माणूस पुन्हा मोजत नाहीत, तीच यादी पुढे सरकते. घरकुलाला तीच, दवाखान्याच्या कार्डाला तीच. आबांचं एक "लिव्हा" असं वर्षानुवर्षे गावोगावच्या टेबलांवर फिरत राहिलं. मीसुद्धा पाहणी करते. मी आले की बाया मिक्सरवर टॉवेल टाकतात. मी मुद्दाम वर पत्र्याकडे बघते.

दोन वर्षांपूर्वी आबा गेले. छातीचं दुखणं होतं, अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात महिनाभर होते. त्यांच्या मागे त्याच पावसाळ्यात मागची भिंत बसली. माय पुढच्या खोलीत आली आणि मधल्या दाराला तिने ताडपत्री लावली. मी म्हटलं चल माझ्याकडे. "लेकीच्या घरी चार दिस बरं," ती म्हणाली. "पाचव्या दिसापून जावयाच्या ताटाकडं बघायला लागते मी." ती आली नाही.

मग आमच्या केजच्या फेऱ्या सुरू झाल्या. माय पिशवी काखेत घेऊन निघायची, मी माजलगावहून यायचे. एका खिडकीवर म्हणायचे पंचायत समितीत जा. तिथे म्हणायचे ग्रामसेवकाकडून आणा. ग्रामसेवक बदलून गेलेला, नवा यायचा होता. साइट बंद. साहेब मीटिंगला. जेवणाची सुट्टी. कुणी वाईट बोलत नव्हतं, खरं सांगायचं तर. एका बाबूने मायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पडद्यावर बघून वाचलं, "फ्रिज आहे, दुचाकी आहे, बागायत आहे."

"कुठं हाय ते?" मायने विचारलं. "दावा तरी मला."

बाबू ओशाळला. "आजी, मला दिसतंय ते सांगतो."

शेवटी याच बाबूने गेल्या वर्षी सांगितलं की नवीन पाहणी निघाली आहे, मोबाइलवर, घरी येऊन करतात. आणि आता नियम बदलले आहेत. फ्रिज असला तरी चालतो, मोटारसायकल चालते. ज्या गोष्टींवरून आमचं घर गेलं त्या गोष्टी सरकारने माफ करून टाकल्या होत्या. मी हसले. मायला हसू आलं नाही. "आता काय चालत न्हाई मंग?" तिने विचारलं. बाबू म्हणाला, ट्रॅक्टर, चारचाकी, घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर.

 एस.टी.तून उतरताना माय म्हणाली, "तुझं ते सरकारीच की."

मी तिला समजावलं. अंगणवाडीचं मानधन असतं, पगार नव्हे. आणि लग्न झालेली लेक दुसऱ्या कुटुंबात धरतात. मला नियम पाठ आहेत, मीच ते इतरांना सांगत असते. माय ऐकत होती. ऐकून घेतलं म्हणजे पटलं असं नसतं.

पाहणीचा माणूस आला त्या दिवशी मी केजला सेविकांच्या संघटनेच्या बैठकीला आले होते आणि तिथून थेट मायकडे गेले होते. अंगावर अंगणवाडीची साडी, गळ्यात ओळखपत्र. आम्ही दोघी दारात बसून चहा घेत होतो. तो नवा ग्रामसेवक, बाहेरच्या जिल्ह्यातला, वयाने लहान, बोलायला मऊ. ओट्यावर चढायच्या आधी त्याने बूट काढले. मोबाइलमध्ये मायचा चेहरा घ्यायचा होता, त्यासाठी तिने डोळे मिटायचे आणि उघडायचे. तिला ते वेळेवर जमेना.

"झोपू का जागी ऱ्हाऊ, एक काय ते सांग बाबा," माय म्हणाली. तो हसला. मला वाटलं, चला, यावेळी नीट होईल.

चारचाकी नाही. ट्रॅक्टर नाही. पाण्याखालची जमीन नाही. माय एकेक उत्तर देत होती आणि प्रत्येक उत्तर खरं होतं. मग त्याने विचारलं, "घरात कुणी सरकारी नोकरीत?" आणि माझ्या साडीकडे बघितलं. "ह्या कोण?"

मी तोंड उघडलं. मी मुलगी, लग्न झालेली, सासरी राहते, मानधनावर आहे. एवढं एक वाक्य. त्याने काहीच बिघडणार नव्हतं.

"शेजारची हाय," माय म्हणाली. "अंगनवाडीत असती. च्या प्यायला आलती."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिचा आवाज इतका साधा होता की मलाच क्षणभर खरं वाटलं. मायला मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. फ्रिजच्या त्या दुपारीही ती नुसती दारात उभी होती.

"मूलबाळ कुणी, आजी?"

"न्हाई."

"एकही नाही?"

"न्हाई, बाबा. मला कुनी न्हाई."

त्याचं बोट मोबाइलवर पडलं. मला फार वाईट वाटलं. नियम माहीत असून वाईट वाटलं, ती हे कशापायी करतेय ते समजून वाईट वाटलं. खरं बोलून घर मिळतं यावर तिचा विश्वास उरला नव्हता, आणि तो मी तिला कुठून आणून देणार होते? आता मी मुलगी म्हटलं असतं तर माय सरकारी माणसासमोर खोटी ठरली असती आणि तिच्या बाकीच्या सगळ्या खऱ्या उत्तरांवरही त्याने शंका घेतली असती. मी चहाचा कप तोंडाला लावला.

त्याला मग घराचा फोटो घ्यायचा होता, मालकिणीला दारात उभं करून. माय उठली, पदर सारखा केला आणि चौकटीला धरून उभी राहिली. तो मागे सरकला, मोबाइल वर धरला आणि थांबला.

"ताई, तुम्ही फोटोत येताय," तो म्हणाला.

मी कप खाली ठेवला आणि चप्पल घातली.

"येते, मावशी," मी मायला म्हणाले आणि ओटा उतरले.